तपकिरी ठिपका कुणाचा?

जठराच्या बायोप्सीचा तुकडा भाताच्या शिताहूनही लहान. फॉर्मॅलिनमध्ये मुरून, मेणाच्या ठोकळ्यात बसून, चार मायक्रॉनचा पापुद्रा होऊन तो काचेवर चढतो. मग मेण उतरवायचं, सायट्रेट बफरमध्ये काच तापवायची, पेशींतलं मूळचं पेरॉक्सिडेज हायड्रोजन पेरॉक्साइडने निकामी करायचं आणि हेलिकोबॅक्टर पायलोरी या जठरातल्या जिवाणूविरुद्ध सशात तयार केलेली प्रतिपिंडं घालायची. शेवटी डीएबी हे रंग देणारं रसायन घातलं की प्रतिपिंडं बसली असतील तिथे तपकिरी रंग उमटतो. खळग्यांतल्या श्लेष्मात वाकडे तपकिरी दांडे दिसले की निदानाला फारसा वेळ लागत नाही.

वेळ लागतो तो ठिपक्यांना. पर्थच्या रॉबिन वॉरन यांनी १९७९मध्ये हे जिवाणू पाहिले ते चांदीच्या रंगक्रियेने. तिथे आकार आणि जागा एवढाच पुरावा होता. प्रतिपिंडं आली तसा आमचा भरवसा रंगावर गेला, आणि माझ्या मते तो थोडा जास्तच गेला. औषधं घेतलेल्या रुग्णात जिवाणू कधी गोल होतात, म्हणजे आकाराचा आधारही सुटतो.

सशाला अख्खा जिवाणू टोचला की त्याच्या अनेक घटकांविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात, आणि त्यांतले काही घटक कॅम्पायलोबॅक्टरसारख्या नातलगांतही असतात. डुकरं, कुत्री, मांजरं यांच्या जठरातून माणसात येणारा हेलिकोबॅक्टर हाइलमनायी याच प्रतिपिंडांनी रंगतो. तो लांब आणि घट्ट पिळांचा असल्याने डोळ्याला वेगळा कळतो, म्हणून ती भेसळ उलट उपयोगीच पडते.

खरी अडचण रुग्णाच्या स्वतःच्या पेशींची. या जिवाणूच्या अनेक वाणांच्या बाह्य आवरणावर लुईस एक्स आणि लुईस वाय या शर्करा असतात, आणि त्याच आपल्या जठराच्या अस्तरावरही असतात. त्यामुळे ग्रंथीपेशीत तपकिरी कण दिसले आणि ‘जिवाणू पेशीत शिरला’ असं कुणी लिहिलं, की मी आधी त्यांचे कंट्रोल शोधते. प्रतिपिंडं जिवाणूच्या अर्कात मिसळून वापरली आणि रंग गेला, हा पुरावा बरेचदा पुढे केला जातो. पण अर्कातही लुईस शर्करा असतील, तर त्या प्रतिपिंडांना धरणारच आणि पेशीवरचा खोटा रंगही जाणारच. तेवढ्याने काही सिद्ध होत नाही. कॅम्पायलोबॅक्टरच्या अर्कात मुरवून सामायिक प्रतिपिंडं आधी काढून टाकायची, संसर्ग नसलेलं जठर त्याच दिवशी, त्याच प्रमाणात रंगवायचं, आणि शेजारी टोचणी न झालेल्या सशाच्या सीरमची काच ठेवायची. हे खर्चाचं आणि कंटाळवाणं काम आहे, पण ते टाळून काढलेल्या निष्कर्षावर मी विसंबत नाही.

जुन्या बायोटिनवर चालणाऱ्या किटमध्ये आणखी एक फसवणूक होती. आम्लस्रावी पेशींत मायटोकॉन्ड्रिया भरपूर, म्हणून बायोटिनही भरपूर, आणि त्या पेशी आपोआप तपकिरी व्हायच्या. बायोटिनविना चालणारी पॉलिमर किट आल्यापासून तो त्रास गेला.

श्लेष्मात आकार नाही, नुसते ग्रंथींत ठिपके आहेत, अशा काचेवर मी ‘पॉझिटिव्ह’ लिहीत नाही. चांदीची रंगक्रिया करायला सांगते आणि ठोकळ्यात ऊतक शिल्लक असेल तर पीसीआर मागवते.