चूक टांकसाळीची की कानशीची?

नाताळच्या सुट्टीत ग्वाल्हेरला, थाटीपुरात आत्याकडे होते. आतेभावाने एक रुपयाचं जुनं स्टीलचं नाणं दाखवलं. कडेला चंद्रकोरीएवढा तुकडाच नाही! ‘मिंट एरर’ म्हणून 700 रुपयांना घेतलेलं, आणि तसलीच आणखी पाच घ्यायला स्वारी निघाली होती.

टांकसाळीत धातूच्या पट्टीतून गोल चकत्या कापतात. पट्टी पुरेशी पुढे सरकली नाही, तर आधीच्या भोकाला धरून कापणी होते आणि चकती अपुरी निघते. मग कड उचलण्यासाठी चकती दाबून फिरवतात. अपुऱ्या बाजूला पकड बसत नाही, म्हणून बरोबर तिच्या समोरची कडही पुसट राहते. ठसा बसताना धातू मोकळ्या बाजूला सरकतो, तिथली अक्षरं विरत जातात. कानशीने घासलेल्या नाण्यात अक्षर कापल्यासारखं मध्येच तुटतं आणि समोरची कड शाबूत असते. वजनावरून काही ठरत नाही, मूळ 4.85 ग्रॅमपेक्षा दोन्ही कमीच भरतात.

भावाच्या नाण्याची समोरची कड अगदी ठसठशीत होती.

तेवढ्यात आत्याने शिंद्यांच्या वेळचा, हातोडीने पाडलेला चांदीचा रुपया आणला. अर्धा मजकूर गायब, वर छिन्नीचे घाव. पण तेव्हा ठसा चकतीहून मोठा असे. मजकूर बाहेर जाणं ही चूक नव्हे, रीतच. घाव मात्र नंतरचे, चांदी पारखताना सराफांनी घातलेले. (मला तर तेच जास्त आवडले.)

भाऊ गप्पच होता. ती पाच नाणी त्याने घेतली नाहीत. माझं भिंग मात्र ठेवून घेतलं.