मॅनहॅटनची पहिली ओळख

न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन बेटावर प्रथमच येणाऱ्या परदेशी पर्यटकाच्या नजरेत भरणारी, काटकोनात छेदणाऱ्या रस्त्यांची रचना १८११ च्या नगर-आराखड्यातून आकाराला आली असून, तीत दक्षिणोत्तर हमरस्त्यांना ‘ॲव्हेन्यू’ आणि उत्तरेकडे चढत जाणाऱ्या क्रमांकांच्या आडव्या रस्त्यांना ‘स्ट्रीट’ म्हणतात. पाचवा ॲव्हेन्यू या आडव्या रस्त्यांचे पूर्व व पश्चिम असे भाग पाडतो. रस्त्यांवरील झाकणांतून निघणारी वाफ नवख्याला चकित करते. इमारतींना उष्णता पुरवण्यासाठी १८८२ पासून कार्यरत असलेल्या भूमिगत वाफवाहिन्यांच्या तापलेल्या नळांवर पाणी पडले, की ती बाहेर येते. दुकानातील छापील किमतीत विक्रीकर सहसा धरलेला नसल्याने, करपात्र वस्तूंच्या बिलात ८.८७५ टक्के रक्कम वाढते, हे पर्यटकाने आधीच ध्यानात ठेवावे.