मदरबोर्ड बदलताना: सॉकेटमधल्या ३६४७ तारा

सर्व्हरचा मदरबोर्ड नादुरुस्त झाला की प्रोसेसर, मेमरी, पंखे, रायझर कार्डे, केबल्स असा सगळा संसार जुन्या बोर्डावरून हलवून नव्यावर मांडावा लागतो. डेल कंपनीचा पॉवरएज आर७४० हा दोन प्रोसेसर आणि २४ मेमरी खाचांचा, २०१७ मध्ये आलेला सर्व्हर याचे चांगले उदाहरण आहे.

आधीची तयारी थोडक्यात अशी. बटण दाबून सर्व्हर बंद केला तरी दुरून देखरेख करणारा आयड्रॅक हा भाग जागाच असतो. म्हणून दोन्ही पॉवर सप्लायच्या केबल्स काढून पॉवर बटण काही सेकंद दाबून धरतात. प्रत्येक केबलचे आणि मेमरी पट्टीचे स्थान छायाचित्रात टिपतात. मनगटावर अर्थिंगचा पट्टा बांधतात. त्यातला एक मेगाओहमचा रोध पट्टा बांधणाऱ्यालाच विजेच्या धक्क्यापासून वाचवतो. अंगातली स्थिर वीज साधारण ३००० व्होल्टपर्यंत चढल्याशिवाय माणसाला चटका जाणवत नाही, पण चिप त्याहून कितीतरी कमी व्होल्टला निकामी होते.

खरी परीक्षा प्रोसेसर बसतो त्या सॉकेटपाशी होते. पूर्वी पिना प्रोसेसरच्या पोटाला असत. २००४ मध्ये इंटेलने डेस्कटॉपसाठी एलजीए ७७५ सॉकेट आणले, तेव्हा पिना बोर्डावर गेल्या आणि प्रोसेसरच्या पोटाशी नुसते सपाट ठिपके उरले. पिन वाकली तर वाया जाणारी वस्तू बदलली: आधी प्रोसेसर, आता बोर्ड. प्रोसेसर बनवणाऱ्याला हा बदल सोयीचा, बोर्ड हाताळणाऱ्याला मात्र जोखमीचा. आर७४० च्या प्रत्येक सॉकेटमध्ये ३६४७ केसासारख्या बारीक, तिरप्या, स्प्रिंगसारख्या तारा असतात. दोन सॉकेट मिळून ७२९४. बोट किंवा कापडाचा धागा अडकला तरी त्या वाकतात. वाकलेली तार वीजपुरवठ्याच्या अनेक तारांपैकी एक असेल तर कदाचित काहीच जाणवत नाही. ती मेमरीची असेल तर सर्व्हर सुरू होतो, पण काही पट्ट्या मोजणीतून गायब होतात आणि दोष मेमरीवर ढकलला जातो.

म्हणून क्रम महत्त्वाचा. हीटसिंकचे दोन टी३० टॉर्क्स स्क्रू एकदम सोडत नाहीत: पहिला तीन फेरे, दुसरा पूर्ण, मग पुन्हा पहिला. त्यानंतर निळ्या क्लिपा सोडवून हीटसिंक सरळ वर उचलतात; प्रोसेसर त्याला चिकटूनच वर येतो. नव्या बोर्डाच्या सॉकेटवरचे प्लॅस्टिकचे झाकण अगदी शेवटच्या क्षणी काढतात आणि लगेच जुन्या बोर्डाच्या उघड्या सॉकेटवर बसवतात. जुना बोर्ड कंपनीकडे परत जायचा असेल, तर वाटेत त्या तारा शाबूत राहायला हव्यात. एका वेळी एकच प्रोसेसर हलवला की दोन सॉकेट एकाच वेळी फार काळ उघडे राहत नाहीत. जुनी थर्मल पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसून नवी लावतात. कोपऱ्यातला त्रिकोण जुळवून सगळा संच सपाट खाली ठेवतात आणि स्क्रू त्याच टप्प्यांनी आवळतात. एकच बाजू आधी पूर्ण आवळली तर संच कलतो आणि दाब मोजक्या तारांवर पडतो.

बोर्ड त्याच्या धरण्याच्या जागेनेच उचलायचा. मेमरीच्या खाचेला किंवा प्रोसेसरला धरून कधीच नाही.

यानंतर ओळखीचा प्रश्न उरतो. सर्व्हिस टॅग, लायसन्स आणि मांडणी यांची प्रत मदरबोर्डबाहेरच्या फ्लॅश मेमरीत असते. नवा बोर्ड सुरू होताच ‘इझी रिस्टोअर’ ही सोय ती परत घेण्याविषयी विचारते. टीपीएम ही सुरक्षा चिप मात्र जुन्या बोर्डाशीच कूटबद्धतेने बांधलेली असते. ती नव्यावर लावता येत नाही, त्यामुळे डिस्क कूटबद्ध करणाऱ्या बिटलॉकरची रिकव्हरी की काम सुरू करण्याआधीच हाताशी हवी. आयड्रॅकचा मॅक पत्ता बदलतो, म्हणून त्याच्यासाठी राखलेला आयपी पत्ता नव्याने नोंदवावा लागतो. घड्याळही तपासावे लागते: लॉगिनची ओळख पटवणारी कर्बरॉस ही पद्धत सहसा पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक चालवून घेत नाही. शेवटी दोन्ही प्रोसेसर आणि सगळी मेमरी दिसते का, फर्मवेअर पूर्वीच्याच आवृत्तीचे आहे का आणि घटनानोंदीत नवा दोष नाही ना, एवढे पाहिले की सर्व्हर पुन्हा कामाला लावता येतो.