परमुलखातला हिवाळा : पंडिता रमाबाईंची इंग्लंडमधली तीन वर्षं



डिसेंबर लागला की आपल्याकडे थंडीची चर्चा सुरू होते. बिदरचा गार वारा तर ठाऊकच आहे. पहाटे शेकोटी पेटते, पेटीतल्या वाकळा बाहेर येतात, तुरीची काढणी चालू असते, आणि वेळ अमावास्येला शेजारचे लोक आवर्जून शेतात जेवायला बोलावतात. एकीकडे नाताळच्या गीतांची तालीम, दुसरीकडे भज्जी आणि आंबिलाचं आमंत्रण. आपला हिवाळा असा माणसांनी भरलेला असतो. त्यामुळे हिवाळ्यात माणूस एकटा पडतो म्हणजे काय, हे आपल्याला सहज कळत नाही.

आपल्या भागातली कितीतरी मुलंमुली आज परदेशात आहेत. कोणी नर्सिंगसाठी गेलंय, कोणी शिकायला, कोणी मंडळीच्या सेवेसाठी. रविवारी आपण त्यांच्यासाठी प्रार्थना करतो, पण त्यांचा तिथला रोजचा दिवस कसा जातो हे फारसं विचारत नाही. म्हणून या पानावर आज एका तरुण मराठी बाईच्या परदेशातल्या तीन हिवाळ्यांविषयी लिहावंसं वाटलं. तिचा जन्म आजच्या कर्नाटकातला, आणि पुढे तिच्या कामाचा एक धागा आपल्या कलबुर्गीपर्यंत पोचला. ती म्हणजे पंडिता रमाबाई.

रमाबाईंचा जन्म 23 एप्रिल 1858 चा, पश्चिम घाटातल्या गंगामूळचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा विरोध सोसून आधी पत्नीला आणि मग मुलीला संस्कृत शिकवलं. घरात मराठी, पण गावोगावच्या भटकंतीत कन्नड, हिंदी, बंगालीही त्यांच्या कानावर आणि जिभेवर बसली. दुष्काळात आईवडील गेले. 1878 मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटलं. 1880 मध्ये बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी लग्न झालं, 1881 मध्ये मुलगी मनोरमा झाली, आणि फेब्रुवारी 1882 मध्ये पती पटकीनं वारले. वयाच्या तेविसाव्या वर्षी त्या विधवा झाल्या, आणि पदरात तान्ही मुलगी होती.

पुण्यात त्यांनी आर्य महिला समाज काढला, हंटर आयोगापुढे साक्ष दिली आणि ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहिलं. बायकांना बायकांकडूनच औषधोपचार मिळावेत ही तळमळ होती, म्हणून वैद्यकी शिकायला इंग्लंडला जायचं ठरवलं. प्रवासाचा खर्च पुस्तकाच्या पैशातून भागवला. एप्रिल 1883 मध्ये दोन वर्षांची मनो आणि सोबतीला आनंदीबाई भगत यांना घेऊन त्या बोटीत बसल्या, आणि मे महिन्यात वाँटेजला पोचल्या.

वाँटेज हे दक्षिण इंग्लंडमधलं लहान गाव. तिथे सेंट मेरी द व्हर्जिन नावाच्या भगिनीसंघाचा मठ. याच संघाच्या भगिनी पुण्यात सेवा करत होत्या, त्यातून ओळख झालेली. रमाबाई तिथे पाहुणी म्हणून फुकट राहिल्या नाहीत. राहण्याजेवणाच्या बदल्यात, हिंदुस्थानात सेवेला निघणाऱ्या भगिनींना त्यांनी मराठी शिकवावं असं ठरलं. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. मिशनरी बाई साता समुद्रापलीकडून आली आणि तिनं आपल्याला शिकवलं, अशाच गोष्टी आपण ऐकत आलो. पण त्या बाईला आपल्या लोकांशी चार शब्द बोलता यावेत म्हणून परक्या देशात बसून ‘मी जाते, ती जाते’ घोकून घेणारी एक मराठी बाई होती, हे क्वचितच सांगितलं जातं. सेवेला निघालेल्या त्या तरुणी आणि त्यांना शिकवणारी पंचवीस वर्षांची रमाबाई, या सगळ्याच एका अर्थानं मिशनच्या कामात होत्या.

पण ते पहिलं वर्ष कठीण गेलं. रमाबाईंना कमी ऐकू येऊ लागलं होतं. ते वाढत गेलं आणि वैद्यकीचं शिक्षण अशक्य ठरलं. ज्यासाठी घर सोडलं तेच हातून गेलं. त्याच काळात सोबतीण आनंदीबाई भगत यांचं मन पार बिघडलं आणि त्यांनी स्वतःचा जीव संपवला. परक्या देशात मराठीत बोलायला असलेलं एकुलतं एक मोठं माणूस गेलं. रमाबाई इतक्या हादरल्या की रात्री एकटं झोपणं त्यांना अवघड झालं. ऑक्सफर्डला पंडित मॅक्स म्युलर यांच्या घरी त्या राहिल्या तेव्हा त्यांच्या खोलीत कोणीतरी सोबतीला झोपावं लागे. 29 सप्टेंबर 1883 रोजी रमाबाई आणि मनो यांचा वाँटेजला बाप्तिस्मा झाला. या दुःखाच्या पाठोपाठच पहिला हिवाळा आला.

तिथला हिवाळा म्हणजे काय, ते आकड्यांत सांगतो. डिसेंबरच्या शेवटी दक्षिण इंग्लंडमध्ये सूर्य सकाळी आठनंतर उगवतो आणि दुपारी चारच्या आसपास मावळतो. दिवस आठ तासांचाही नाही. आपल्या कलबुर्गीत वर्षातला सर्वांत लहान दिवससुद्धा अकरा तासांचा असतो. त्या काळी विजेचे दिवे नव्हते, आजच्यासारखी गरम पाण्याच्या नळ्यांनी उबवलेली घरं नव्हती. खोलीत भिंतीतली शेगडी, आणि तिच्यात दगडी कोळसा. शेगडीसमोर तोंड भाजतं आणि पाठ गारठते. बाहेर जायचं तर पायात मोजे आणि बूट हवेतच. अनवाणी देशभर चाललेल्या बाईला हेही नवंच.

सप्टेंबर 1884 पासून रमाबाई चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात गेल्या. मुख्याध्यापिका डॉरोथिया बील यांनी त्यांना मायेनं सांभाळलं. तिथे त्या संस्कृत शिकवत, आणि स्वतः गणित, विज्ञान, इंग्रजी साहित्य शिकत. मनो काही काळ वाँटेजला भगिनींजवळ राही. म्हणजे आई एका गावात आणि लेक दुसऱ्या गावात, मध्ये फक्त पत्रं. सिस्टर जेराल्डीन यांना रमाबाई पत्रात ‘आजीबाई’ म्हणत. परमुलखात तिनं एक नातं असं मराठी शब्दात बांधून घेतलं होतं.

या आजीबाईंशी प्रेम होतं, आणि खटकेही खूप उडाले. तो पत्रव्यवहार पुढे पुस्तकरूपानं छापला गेला आहे. वाद मोठमोठ्या तत्त्वांवर होतेच. रमाबाई प्रत्येक धर्ममत तपासून घेत आणि पटल्याशिवाय ‘हो’ म्हणत नसत, हे भगिनींना जड जाई. पण वाद ताटातलाही होता. रमाबाई शाकाहारी होत्या. अंडं घातलेलं पुडिंग त्या खात नसत. जेराल्डीनबाईंना वाटे, बाप्तिस्मा झाला तरी जातीचा अभिमान काही जात नाही. रमाबाईंनी उत्तर दिलं त्याचा भावार्थ असा : तुम्हांला माझा अभिमान शोधायचाच असेल तर पुडिंगात, दुधालोण्यात, भातात, बुटामोज्यांत शोधा, मी रोज इथे जाळते त्या कोळशाच्या ढिगातही शोधा. आणि पुढे विचारलं, एखादी इंग्रज बाई हिंदू लोकांत राहायला गेली आणि कोणाला त्रास न देणाऱ्या आपल्या चालीरीती तिनं तशाच ठेवल्या, तर तिला कोणी गर्विष्ठ म्हटलेलं चालेल का?

कोळशाचा तो उल्लेख वाचताना हसू येतं, आणि मग त्या खोलीतली थंडीही जाणवते. इतका कोळसा जाळूनही ऊब पुरत नसेल, आणि त्या खर्चाची जाणीवही मनाला टोचत असेल. दुसऱ्याच्या आधारानं राहणाऱ्या माणसाला प्रत्येक घासाचा आणि प्रत्येक कोळशाचा हिशेब ठेवावा लागतो. परदेशात शिकणाऱ्या आपल्या मुलांना हीटरच्या बिलाची धास्ती असते, ती याच जातीची.

आणखी एक वाद क्रुसाचा. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरं असायची. रमाबाईंचं म्हणणं, लॅटिन ना मला येते ना माझ्या देशातल्या बहिणींना, मग संस्कृत का नको? शिवाय पुरुष विद्यार्थ्यांना त्यांनी शिकवावं की नाही यावरही वाद झाला. हिंदुस्थानातल्या बिशपांना ते गैर वाटलं. भर सभांत शास्त्रींसमोर बोललेल्या बाईला हे फार लागलं, आणि तिनं तसं स्पष्ट लिहून कळवलं.

इथे भगिनींची बाजूही समजून घ्यायला हवी. त्यांनी एका अनोळखी विधवेला आणि तिच्या लेकराला घर दिलं, मनोला जीव लावला. जेराल्डीनबाईंनीच ही पत्रं जपून ठेवली, स्वतःवरची टीकासुद्धा फाडून टाकली नाही. त्यांचं प्रेम खरं होतं. फक्त ‘आपल्यात आली म्हणजे आपल्यासारखी झाली पाहिजे’ हा आग्रह त्या प्रेमात मिसळला होता.

फेब्रुवारी 1886 मध्ये, ऐन हिवाळ्यात, रमाबाई मनोला घेऊन अटलांटिक ओलांडून फिलाडेल्फियाला गेल्या. निमित्त होतं डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानाचं, 11 मार्च 1886 चं. आनंदीबाई नात्यातल्याच. त्यांनी पदवी मिळवली, पण तिथली थंडी आणि अनोळखी अन्न यांनी त्यांची प्रकृती खालावली होती. पुढच्याच वर्षी, 26 फेब्रुवारी 1887 रोजी, पुण्यात त्यांचं निधन झालं. वय अवघं एकवीस. म्हणून म्हणतो, मुलं परदेशातून ‘इथे फार थंडी आहे’ म्हणतात तेव्हा ते हसण्यावारी नेऊ नये.

रमाबाई मात्र तगल्या. अमेरिकेत गावोगाव व्याख्यानं दिली, ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ हे पुस्तक 1887 मध्ये काढलं, आणि बोस्टनला त्यांच्या नावानं स्थापन झालेल्या संस्थेनं दहा वर्षांच्या मदतीची हमी दिली. 1889 च्या आरंभी त्या परतल्या, आणि 11 मार्चला मुंबईत शारदा सदन उघडलं. पुढे केडगावचं मुक्ती मिशन आणि मूळ हिब्रू-ग्रीकवरून केलेलं मराठी बायबल हा इतिहास आपल्याला ठाऊक आहे.

कमी ठाऊक आहे तो आपल्या घरचा भाग. 1912 मध्ये रमाबाईंनी गुलबर्ग्यात, म्हणजे आजच्या कलबुर्गीत, मुलींच्या शिक्षणासाठी ख्रिस्ती शाळा सुरू केली आणि तिची धुरा मनोरमाबाईंकडे दिली. तेव्हा हा मुलूख निजामाच्या राज्यात होता, शिक्षणात मागे पडलेला. वाँटेजच्या मठात आईपासून दूर राहिलेली ती मनो मोठी होऊन आपल्या उन्हातल्या गावात मुली शिकवायला आली. 1921 मध्ये, आईच्या आधी, ती गेली. रमाबाई 5 एप्रिल 1922 रोजी गेल्या. नाताळच्या कार्यक्रमात आपण दूरदूरच्या संतांची नाटकं बसवतो. या मायलेकींवर एखादा प्रवेश आपल्या मुलांनी बसवला तर किती बरं होईल!

आता थोडं आपल्याविषयी. आपल्या बिदर-कलबुर्गीच्या खेड्यांत केरळातून, तमिळनाडूतून, ईशान्येकडून तरुण सेवक येतात. त्यांना आपली कन्नड येत नाही, मराठी येत नाही, जोंधळ्याची भाकरी पहिल्यांदा घशाखाली उतरत नाही. आपण काय करतो? ‘पास्टर झाला आणि आपलं जेवण चालत नाही होय?’ असं हसत हसत बोलून जातो. त्याच्या बोलण्याची नक्कल करतो. त्याच्या भाताची, त्याच्या मासळीची थट्टा करतो. एकशे चाळीस वर्षांपूर्वी पुडिंगावरून जे रमाबाईंना ऐकावं लागलं, तेच आपण नकळत दुसऱ्याला ऐकवतो. रमाबाईंचा प्रश्न जेराल्डीनबाईंना जेवढा लागू होता, तेवढाच आपल्यालाही लागू आहे.

म्हणून या नाताळात दोन साध्या गोष्टी कराव्यात, असं सुचवतो. परदेशात असलेल्या आपल्या मुलामुलीला फोन लावाल तेव्हा ‘पगार किती, कधी येणार’ याआधी विचारा, ‘आज काय खाल्लंस? खोली उबदार आहे का? बोलायला कोणी आहे का?’ एकटेपण फार वाढलंय असं वाटलं तर फक्त प्रार्थनेवर थांबू नका. तिथल्या मंडळीत, तिथल्या मित्रांत कोणाला तरी कळवा. आनंदीबाई भगत यांच्या वेळी असं विचारणारं कोणी वेळेवर भेटलं असतं तर, असं मनात येतंच.

आणि आपल्या गावात बाहेरून आलेला सेवक, शिक्षक, नर्स असेल, तर त्याला घरी जेवायला बोलवा आणि आधी विचारा, तुम्हांला काय चालतं? मग त्याच्या भाषेतला एक शब्द शिका. रमाबाईंनी भगिनींना मराठी शिकवली तशी तो तुम्हांला शिकवील. वेळ अमावास्येला शेजारी आपल्याला शेतात बोलावतात तेव्हा आपला धर्म विचारत नाहीत, पानात काय वाढू तेवढंच विचारतात. तेवढं आपल्याला दुसऱ्यासाठी जमायला हरकत नाही.

सर्वांना नाताळच्या आणि नव्या वर्षाच्या शुभेच्छा.

— एक वाचक, कलबुर्गी