सातव्या महिन्यातली मोळी

मला सातवा महिना होता तेव्हा कंबर धरली म्हणून पुण्यात फिजिओथेरपिस्टकडे गेले होते. तिनं दिलेल्या कागदावरची पहिली ओळ होती : जड वजन उचलू नये. तो कागद मी विसरूनही गेले होते. यंदा डिसेंबरात वाळवा तालुक्यात रस्त्याकडेला उसाचा ट्रक भरत होता. डोक्यावर मोळी घेऊन एक बाई अरुंद फळीवरून वर चढत होती. पदर वाऱ्यानं सरकला आणि तिचं पोट दिसलं. दोन दिवसांनी मी त्या फडावर परत गेले.

ती धारूरकडची, बाविशीची. सातवा सरत आलेला. नवरा-बायको मिळून एक कोयता. "मोळी 40 किलोची भरते," मुकादमानं सांगितलं.

उसात साखर बुडख्याकडे जास्त, म्हणून तो अगदी जमिनीलगत तोडायचा. म्हणजे प्रत्येक उसाला कमरेतून पूर्ण वाकायचं. मग पाचट काढायचं, वाढं छाटायचं, मोळी बांधायची. फडात कच्च्या रसाचा गोडसर, आंबूस वास भरलेला असतो. माझ्या कपड्यांतून तो दोन दिवस गेला नाही.

गरोदरपणात संप्रेरकांमुळे ओटीपोटाच्या सांध्यांचे बंध सैल पडतात. पोट वाढतं तसा तोल पुढे जातो आणि तो सावरायला पाठ मागे ताणावी लागते. खुर्चीत बसून काम करणारीचीही कंबर यानं दुखते. हिच्या डोक्यावर वरून 40 किलो.

"दुखतं का?"

"रातीला लय ठणकतं, ताई. दिवसा कळत नाही."

कळत कसं नसेल? जुन्या लुगड्याची पट्टी तिनं पोटाखालून घेऊन मागे घट्ट आवळली होती. माझ्या वेळी मी दुकानातून पट्टा आणला होता, तोही असाच बसायचा. संध्याकाळी त्यांच्या कोपीत तिच्या जावेनं चुलीवर मीठ गरम केलं, फडक्यात बांधलं आणि तिची कंबर शेकली. ती डाव्या कुशीवर झाली, गुडघ्यांमध्ये गोधडीची वळकटी. माझ्या कागदावर हेच होतं, फक्त वळकटीच्या जागी उशी.

2017च्या दुरुस्तीनं मातृत्व लाभ कायद्यात 26 आठवड्यांची पगारी रजा आली. हिनं एक दिवस बुडवला तर खाडा पडतो आणि दंड उचलीवर चढतो. आगाऊ घेतलेली उचल फिटल्याशिवाय सुटका नाही. ही व्यवस्था मला क्रूर वाटते. तिला नुसतं 'कष्टाचं काम' म्हणणं माझ्यानं होत नाही.

एवढं मात्र मी तिला आणि जावेला पुन्हा पुन्हा सांगितलं : थांबून थांबून कळा आल्या, अंगावरून रक्त किंवा पाणी गेलं, ताप आला, लघवीला जळजळ झाली, तर खाड्याचा विचार न करता दवाखाना गाठा. जावेनं मान हलवली.

सकाळी फडात तिनंच विचारलं, "वजन कसं उचलायचं, ते सांगितलं होतं का तुमच्या बाईनी?"

सांगितलं होतं. पाठ ताठ ठेवायची, गुडघ्यात वाकायचं, ओझं अंगाशी धरायचं. ती गुडघ्यात वाकली, दोन्ही हातांनी मोळी अंगाकडे ओढली. पोट आड आलं. पुन्हा ओढली. मग तिनं मोळी सोडली, डोक्यावर चुंबळ ठेवली आणि जावेला हाक मारली.