निराशा परवडते कुणाला?

तुमच्या घरी नळाला कितव्या दिवशी पाणी येतं? पुण्या-मुंबईच्या मित्राला विचारून बघा, त्याला प्रश्नच कळणार नाही. आपल्या शहरात मात्र लहान पोरालाही कळतो. जायकवाडी इथून पन्नासेक किलोमीटरवर. पूर्ण भरलं तर शंभर टीएमसीहून जास्त पाणी साठवणारं धरण. तरी गेली कित्येक वर्षं आपण चार-पाच दिवसांनी, कधी आठवड्याने येणाऱ्या नळावर आपला दिवस ठरवत आलोय. २०२० मध्ये १६८० कोटींच्या नव्या योजनेचं भूमिपूजन झालं. पुढे खर्चाचा आकडा २७०० कोटींच्या वर गेला. मे २०२२ मध्ये लोक रस्त्यावर उतरले, तेव्हा ४०५० रुपयांची पाणीपट्टी २००० वर आली. पट्टी कमी झाली, नळ तसाच!

मग कट्ट्यावर ते वाक्य येतंच : ‘या शहराचं काही होणार नाही यार.’ मीही म्हणते. पण मी ते कुठे बसून म्हणते, ते बघा. आमच्या घरी अंगणात हौद आहे, गच्चीवर दोन टाक्या आहेत आणि सगळं संपलंच तर बाबा टँकरवाल्याला फोन करतात. ‘काही होणार नाही’ म्हणून पुन्हा मोबाइलमध्ये डोकं घालायची माझी सोय त्या हौदात आहे.

आता बेगमपुऱ्यात या. विद्यापीठाजवळच्या खोल्यांमध्ये बीड, जालना, हिंगोलीकडची पोरं तिघं-चौघं मिळून राहतात. पाण्याच्या दिवशी कुणीतरी एकाने पहिलं लेक्चर बुडवायचं आणि ड्रम भरायचा. गावाकडे पाऊस नसेल, तर महिन्याचे पैसे उशिरा येतात. दुष्काळ जाहीर झाला, की सरकार परीक्षा फी माफ करतं, मेसवाला मात्र बिल माफ करत नाही. ही पोरं निराश होत नाहीत असं नाही. फक्त निराश झाल्यावरही बादली उचलावीच लागते.

‘बघा, गरिबांकडे किती आशा असते’ असलं काही मला यातून काढायचं नाहीये. ते आपल्यालाच फार सोयीचं असतं. दमलेला माणूस दमलेलाच असतो. आणि ज्या मराठवाड्यात शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्या वाचत आपण मोठे झालो, तिथे निराशा हा शब्द स्टेटसला टाकण्याइतका हलका नाही. रात्र रात्र झोप लागत नसेल, जगू नये असं वाटत असेल, तर तो मूड नव्हे. टेली-मानसचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. हौद असलेल्या घरातही तो लागू शकतो.

पण ‘काही होणार नाही’ म्हणायचा हक्क ज्यांना सगळ्यात जास्त होता, त्यांनी या शहरात काय केलं? निजामाच्या राजवटीत इथल्या पोरांना पदवी घ्यायची तर हैदराबाद गाठावं लागे. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये इथे कॉलेज काढलं, तेच आजचं मिलिंद. बांधकामावर बाबासाहेब स्वतः लक्ष ठेवून असायचे. उघड्या माळावर नागसेनवन उभं राहिलं आणि ज्यांच्या घरात कुणी शाळेची पायरी चढलं नव्हतं, ती पोरं तिथे शिकली.

त्याच लोकांनी पुढे विद्यापीठाच्या नावासाठी वाट पाहिली. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळात ठराव झाला. त्यानंतर मराठवाड्यात दलित वस्त्या जाळल्या गेल्या, माणसं मारली गेली. १९७९ मध्ये लाँग मार्च निघाला. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडलं. साडेपंधरा वर्षं! आपण एका सेमिस्टरचा निकाल लांबला तरी सिस्टीमला शिव्या घालतो. (निकाल वेळेवर लागायलाच हवा, ते वेगळं.) ती माणसं एवढी वर्षं काही आशेवर हातावर हात ठेवून बसलेली नव्हती. सभा होत्या, सत्याग्रह होते, तुरुंग होता आणि दुसऱ्या दिवशी कामावरही जायचं होतं.

येत्या १४ जानेवारीला विद्यापीठाच्या गेटवर जाऊन या. गावोगावहून माणसं येतात, गेटला वंदन करतात. पुस्तकांचे स्टॉल लागलेले असतात. गर्दी फार असते, गाडी लांबच लावा आणि पाण्याची बाटली सोबत ठेवा.