एका काडीची किमया

तासगाव म्हटले की द्राक्षे आणि बेदाणा डोळ्यांसमोर उभे राहतात. सांगलीच्या या अवर्षणप्रवण तालुक्यात, तसेच साताऱ्याच्या खटाव भागात द्राक्षबागा फुलल्या, त्यामागे पाण्याइतकाच वेलीकडे डोळसपणे पाहणाऱ्या माणसांचा वाटा आहे.

ब्रिटिश राजवटीत डॉ. जी. एस. चीमा यांनी पुण्यात ‘पंढरी साहेबी’च्या बियांपासून वाढविलेल्या रोपांतून ‘चीमा साहेबी’ हा वाण निवडला. पुढे 1960 नंतरच्या काळात ‘थॉमसन सीडलेस’ हा बिनबियांचा वाण महाराष्ट्रात पसरला. विल्यम थॉमसन यांनी 1872 मध्ये कॅलिफोर्नियात त्याच्या तीन काड्या मागविल्या होत्या. त्यांतील एकच जगली, आणि तिनेच पुढे इतिहास घडविला.

द्राक्षाची अभिवृद्धी काडीपासून होते, त्यामुळे मूळ वेलीचे गुण नव्या वेलीत जसेच्या तसे उतरतात. क्वचित एखाद्या डोळ्यात निसर्गतःच बदल घडतो व त्यातून फुटलेल्या फांदीचे मणी निराळे दिसतात. ती फांदी हेरून तिच्या काड्या लावल्या की नवा वाण हाती येतो. तासगाव तालुक्यातील बोरगावचे वसंतराव आर्वे यांनी ‘थॉमसन’मधून अशाच निवडीने ‘तास-ए-गणेश’ हा वाण दिला. सोलापूर जिल्ह्यातील नान्नजचे नानासाहेब काळे यांचा ‘सोनाका’ही याच परंपरेतला.

मात्र ताजी द्राक्षे नाशवंत असतात. अवकाळी पाऊस किंवा घसरलेला भाव वर्षभराची मेहनत वाया घालवू शकतो. म्हणून प्रक्रियेला महत्त्व आहे. सुमारे चार किलो द्राक्षांपासून एक किलो बेदाणा मिळतो. सांगलीच्या बेदाण्यास 2016 मध्ये भौगोलिक मानांकनही लाभले. राज्य शासनाच्या 2001 च्या द्राक्ष प्रक्रिया धोरणानुसार पलूस येथे वाइन उद्यानाची योजना आखण्यात आली. परंतु उत्तम वाइनसाठी खाण्याच्या द्राक्षांहून वेगळे वाण लागतात. ‘शिराज’, ‘शेनिन ब्लाँ’ हे त्यांपैकी होत. बागेत कोणती काडी लावायची हे ठरवितानाच फळ कोठे जाणार याचा विचार व्हावयास हवा.

प्रयोगशाळेइतकेच संशोधन बांधावरही होते, हे आर्वे यांच्या उदाहरणावरून दिसते. गावातील एखाद्या बागेत वेगळी फांदी आढळल्यास तिची नोंद करून ती कृषितज्ज्ञांच्या नजरेस आणून देणे, हे काम शिक्षक व पंचायत सदस्यही सहज करू शकतील.